नागपुरात पीएचडी करायची तर: विषय ठरवण्यापासून वायव्हापर्यंत

पीएचडी करायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो: विषय कोणता घेऊ? माझं म्हणणं असं की हा प्रश्न तिसऱ्या नंबरवर ठेवा. आधी हे बघा की ज्यावर काम करायचं ती सामग्री, मग ते रुग्ण असोत, झाडं, पाण्याचे नमुने, जुनी कागदपत्रं किंवा यंत्र, तुमच्या हाती कधी आणि किती येणार. मग गाइड कोण ते बघा. शीर्षक त्यानंतर. इकडे पीएचडी रखडलेले जे विद्यार्थी पाहिले, त्यांच्यात हुशारी कमी पडली असं क्वचितच होतं. हंगाम हुकला, परवानगी उशिरा आली, नाहीतर गाइड निवृत्त झाले, अशीच कारणं बहुतेक वेळा निघतात. ही कारणं नाव नोंदवण्याआधी दिसू शकतात. बघायची कशी, ते सांगतो.

सामग्रीचं वर्ष मांडा

संत्र्याचं उदाहरण घ्या. काटोल-नरखेडच्या बागांमध्ये दोन बहार घेतले जातात. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो. मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये बाग ताणावर सोडतात, म्हणजे पाणी तोडतात, आणि पाऊस पडला की जून-जुलैत ती फुलते. समजा तुमचा प्रश्न मृग बहारातल्या ताणाबद्दल आहे. म्हणजे मातीचे आणि पानांचे पहिले नमुने ताण सुरू होण्याआधी, मार्चअखेर घ्यायला हवेत. विद्यापीठाची मंजुरी जुलैत आली तर बाग केव्हाच फुललेली असते, आणि तुम्ही थेट पुढच्या मार्चपर्यंत थांबता. शिवाय एका हंगामाच्या आकड्यांवर परीक्षक समाधानी होत नाहीत, किमान दोन हवेत. असे दोन हंगाम धरून आणि मंजुरीचा वेळ मिळवून बघा, तीन वर्षांत प्रबंध देण्याचा बेत तिथेच बदलतो. तो कागदावर बदललेला बरा.

पाण्यावर काम करणाऱ्यांचंही असंच. नाग नदीचे किंवा अंबाझरीचे नमुने पावसाआधी आणि पावसानंतर असे वेगवेगळे घ्यावे लागतात, आणि मे महिन्यातला हुकलेला नमुना ऑगस्टमध्ये घेता येत नाही.

इंजिनिअरिंगवाल्यांना वाटतं की आपलं काम प्रयोगशाळेतलं, आपल्याला हंगाम कसला? कोराडी किंवा खापरखेड्याच्या वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेवर, म्हणजे फ्लाय अॅशवर काँक्रीटचं काम घेणाऱ्याने हा हिशेब करून बघावा. १२ मिक्स, प्रत्येकाच्या ७, २८, ५६ आणि ९० दिवसांच्या चाचण्या, दर वेळी ३ क्यूब. झाले १४४ क्यूब. १५० मिलिमीटरचा एक क्यूब साधारण ८ किलोचा, म्हणजे एकूण माल टनभराहून जास्त. तेवढे साचे विभागात आहेत का? क्युरिंगच्या, म्हणजे क्यूब पाण्यात मुरवण्याच्या, टाकीत तेवढी जागा आहे का? फ्लाय अॅशची प्रक्रिया सावकाश होते, म्हणून ९० दिवसांची चाचणी गाळता येत नाही. त्यात आयएस ५१६ या भारतीय मानकाप्रमाणे क्युरिंगचं पाणी २७ अंशांच्या आसपास, २ अंश इकडे-तिकडे, राखावं लागतं. नागपूरच्या मे महिन्यात उघड्या शेडमधल्या टाकीचं पाणी २७ अंशांवर राहणार नाही. म्हणून एक तर तापमान राखणारी टाकी मिळवा, नाहीतर कास्टिंग दिवाळीनंतर लावा आणि उन्हाळ्यात लिहायला बसा. यंत्र दुसऱ्या संस्थेत असेल तर तिथली नोंदणीची रांग आणि एका नमुन्याचा दर आधीच विचारून घ्या. विज्ञान शाखेत एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणारं यंत्र) किंवा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर ज्यांचं काम अवलंबून आहे त्यांच्यासाठी तर ही पहिली चौकशी.

मानव्य शाखेत हंगाम नसतो हा समजही खरा नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर काम करायचं तर नाटकं धान निघाल्यावर, दिवाळीनंतर सुरू होतात आणि होळीच्या सुमारास थंडावतात. वडसा परिसरात राहून रात्री जागायची तयारी त्याच महिन्यांत हवी. आणि काही सामग्री पुन्हा येतच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जी मुलं पंधरा वर्षांची होती ती आज पंच्याऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणींवर काम करायचं असेल तर सिद्धांताचं प्रकरण मागे राहू द्या, नैतिक समितीची परवानगी हातात पडली की पहिल्याच महिन्यात मुलाखती सुरू करा. पुस्तकं थांबतात.

म्हणून एक मोठा कागद घ्या. तीन वर्षांचे छत्तीस महिने आडवे मांडा, सामग्री कोणत्या महिन्यांत मिळते ते रंगवा, कोर्सवर्क (नोंदणीनंतरचे सक्तीचे वर्ग), परीक्षा आणि परवानग्यांचे महिने वेगळ्या रंगाने भरा. रंग एकमेकांवर चढत असतील तर प्रश्न बदला. हा कागद गाइडच्या पहिल्या भेटीत सोबत न्या.

रुग्णांचा हिशेब आणि संमतीचा कागद

वैद्यकीय संशोधनाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण तिथे चूक झाली तर ती दुसऱ्याच्या अंगावर जाते.

आधी संख्या. संख्याशास्त्रज्ञाने सांगितलं की २०० रुग्ण लागतील. तुमच्या ओपीडीत त्या आजाराचे महिन्याला १२ नवे रुग्ण येतात असं धरू. निकषांत न बसणारे आणि नाही म्हणणारे वगळले तर ९ उरतात. २०० ला ९ ने भागलं की साधारण २२ महिने. प्रत्येकाचा सहा महिने पाठपुरावा असेल तर शेवटचा रुग्ण साधारण २८ महिन्यांनी मोकळा होणार, आणि मधे गळणारे यात धरलेलेच नाहीत. हा १२ चा आकडा अंदाजाने लिहू नका. मागच्या वर्षाचं रजिस्टर काढून महिन्यागणिक मोजा. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत गर्दी मोठी असते म्हणून रुग्ण कमी पडणार नाहीत असं सगळ्यांना वाटतं, पण नेमक्या निकषांचे रुग्ण नेहमीच कमी असतात.

मग परवानग्या. संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी मिळेपर्यंत एकाही रुग्णाची माहिती घ्यायची नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं पूर्ण वाचा, समितीचे प्रश्न तिथूनच येतात. काम क्लिनिकल ट्रायलचं असेल तर सीटीआरआय या ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी करावी लागते. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. प्राण्यांवर प्रयोग असतील तर प्राणी नैतिक समिती वेगळी.

आता संमतीपत्र. बहुतेक ठिकाणी ते इंग्रजीतून ओढूनताणून मराठीत आणलेलं दिसतं: 'सदर अभ्यासातील सहभागाकरिता मी माझी पूर्वसूचित संमती स्वेच्छेने प्रदान करीत आहे.' हे भंडाऱ्याहून पहाटेच्या गाडीने आलेल्या बाईला वाचून दाखवलं तर ती मान डोलावेल, पण तिला काहीही कळलेलं नसेल. तेच असं लिहा: 'तुमच्या हाताच्या शिरेतून एक छोटा चमचाभर रक्त घेऊ. सुई टोचल्यावर थोडं दुखेल, जागा काळीनिळी पडू शकते. तुम्ही नाही म्हणालात तरी इथले उपचार आहेत तसेच चालू राहतील. मधेच सोडावंसं वाटलं तर कारण न सांगता सोडता येईल.' मसुदा झाला की वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवा आणि त्यांनी तो आपल्या शब्दांत परत सांगावा. जिथे त्या अडतात ते वाक्य बदला. वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी तटस्थ साक्षीदार लागतो, आणि तो तुमच्या चमूतला चालत नाही. गोंडी बोलणारे रुग्ण येणार असतील तर दुभाष्याचा खर्चही आराखड्यात धरा.

पूर्व विदर्भात सिकलसेलवर काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मनावर घ्यावी. एका मुलीचा अहवाल 'वाहक' (आजार नाही, पण त्याचं जनुक आहे) असा आला तर ती माहिती तिच्या आईबापांबद्दल आणि भावंडांबद्दलही असते, आणि लग्नाच्या बोलण्यांत ती तिच्या विरोधात वापरली जाऊ शकते. अहवाल कोणाच्या हातात द्यायचा, घरी फोन करायचा की नाही, समुपदेशन कोण करणार, हे आराखड्यातच लिहा. समितीने विचारलं नाही तरी लिहा.

कुठे नाव नोंदवायचं

बाहेरगावच्या मुलांना कल्पना नसते, पण या शहरात संशोधनाच्या जागा खूप आहेत. १९२३ साली स्थापन झालेलं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ सर्वांत मोठं, त्याच्या मान्यताप्राप्त संशोधन केंद्रांतून जवळजवळ सगळ्या विद्याशाखा सापडतात. इंजिनिअरिंगला व्हीएनआयटी. पर्यावरणाला नीरी ही राष्ट्रीय संशोधन संस्था. तिथली पदवी एसीएसआयआर या अकादमीची असते आणि त्यात समाजोपयोगी असा सीएसआयआर-८०० प्रकल्पही करावा लागतो. आरोग्य विज्ञानाची महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी जोडलेली आहेत. पशुवैद्यकाचं माफसू विद्यापीठ इथलंच. संस्कृतसाठी रामटेकचं कालिदास विद्यापीठ, हिंदीसाठी वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ, कायद्यासाठी वारंग्याचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ.

कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संस्था आणि मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय ब्यूरो ही तिन्ही केंद्रं इथे असल्यामुळे कृषी, वनस्पतिशास्त्र आणि भूगोलाच्या विद्यार्थ्याला जे मिळतं ते दुसऱ्या शहरात सहजी मिळणार नाही. अशा संस्थेत काम करायचं तर पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि त्यांच्यात करार आहे का, हे लेखी विचारून घ्या. भूशास्त्राला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं (जीएसआय) प्रादेशिक कार्यालय सेमिनरी हिल्सवर आणि भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये. इतिहासाला राज्य पुराभिलेखागाराची नागपूर शाखा. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्या कारभाराचं दप्तर इथे आहे. भोसलेकालीन कागद हाताळायचे तर मोडी शिकावीच लागेल. ती पहिल्या वर्षी शिका, कोर्सवर्क चालू असतानाच.

ऑनलाइन पीएचडीच्या जाहिरातींपासून लांब राहा. परदेशी संस्थेच्या नावाने खासगी कंपन्या देतात त्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असं विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) आणि तंत्रशिक्षण परिषद (एआयसीटीई) यांनी २०२२ मध्ये जाहीर केलेलं आहे.

प्रवेश आणि पैसा

सध्याचे नियम यूजीसीने ७ नोव्हेंबर २०२२ ला काढलेले आहेत. पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, राखीव गट, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी केलेल्यांनाही थेट वाट आहे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा निकाल जून २०२४ पासून तीन गटांत लागतो: जेआरएफ (दरमहा पैसे मिळणारी संशोधन अधिछात्रवृत्ती), सहायक प्राध्यापक आणि फक्त पीएचडी प्रवेश. नंतरच्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि ते गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. विद्यापीठ स्वतःची प्रवेश परीक्षा (पेट) घेतं तेव्हा तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर असतात. विषय पक्का असलेली मुलं तिथेच मार खातात, म्हणून संशोधन पद्धतीचं एक चांगलं पुस्तक दोनदा वाचा.

नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ पीएचडी करता येते. त्यासाठी कार्यालयाचं ना हरकत पत्र लागतं, आणि संशोधनाला वेळ देऊ, गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं करू, हे त्यात स्पष्ट असावं लागतं. साहेबांनी तोंडी 'करा हो' म्हटलं म्हणून त्यावर विसंबू नका.

जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ या वरच्या पायरीला ४२,०००, शिवाय घरभाडं. वयाची अट ३० ची, महिला आणि राखीव गटांना ५ वर्षं सवलत. जेआरएफ नाही म्हणून हातपाय गाळू नका. राज्य सरकारच्या संस्थाही अधिछात्रवृत्ती देतात: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. महाज्योतीचं तर मुख्यालयच नागपुरात आहे. या अधिछात्रवृत्तींना नोंदणीचं पत्र आणि जिथे लागू असेल तिथे जात वैधता व नॉन-क्रीमीलेअरची कागदपत्रं लागतात. जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा फाइल आधीच तयार ठेवा. पैसे दरमहा वेळेवर येतील असं मात्र धरू नका. चार-सहा महिन्यांची तजवीज घरून किंवा शिकवण्यांतून असली की झोप लागते.

गाइड

प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. म्हणजे जागा आहे का हा पहिला प्रश्न. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. साडेतीन वर्षं उरलेल्या गाइडकडे नियमाने जाता येईल, पण मी तरी सहमार्गदर्शक ठरवल्याशिवाय जाणार नाही.

गाइडचं नाव मोठं असणं चांगलंच, पण त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटल्याशिवाय होकार देऊ नका. चहाच्या टपरीवर गाठा आणि तीन गोष्टी विचारा: प्रकरण दिल्यावर किती दिवसांत वाचून परत मिळतं, शेवटचा विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडला, आणि पेपरवर नावं कशी लागतात. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना मुलं इकडेतिकडे बघायला लागली तर दुसरा गाइड शोधा. बाहेरची कामं, घरची कामं, दुसऱ्याचे पेपर लिहून देणं, असलं काही गाइडला खूश ठेवायला करावं लागत असेल तर तो तुमचा अपमान आहे आणि त्याने संशोधनही बुडतं. असं वागणं सोसू नका.

प्रश्न आणि सिनॉप्सिस

'नागपूर शहरातील प्रदूषण: एक चिकित्सक अभ्यास' अशा शीर्षकाखाली आयुष्यभर काम करता येईल, पण ते संपणार नाही. ते असं आवळा: कोणतं प्रदूषण? हवेतले सूक्ष्म कण. कुठे? मेट्रोच्या दोन स्थानकांखालच्या भाजी बाजारांत. कोणावर? दिवसभर तिथे बसणाऱ्या विक्रेत्यांवर. काय मोजणार? हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात त्यांच्या श्वासाच्या पातळीवरचं प्रमाण. आता कोणी विचारलं की उत्तर काय आलं, तर एका वाक्यात सांगता येईल. ज्या विषयाचं उत्तर एका वाक्यात सांगता येणार नाही तो अजून प्रश्न झालेला नाही.

शीर्षक ठरण्याआधी शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही भाषांत शोधा. तुमचा विषय आधी झालेला सापडला तर निराश होऊ नका. त्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उघडा, 'पुढील संशोधनाच्या दिशा' तिथे आयत्या मिळतात. नियतकालिकांसाठी १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजना सुरू आहे, सरकारी संस्थांना १३,००० च्या वर नियतकालिकं त्यातून खुली आहेत. ग्रंथपालांना भेटून प्रवेश करून घ्या.

विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे (आरआरसी) सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मांडताना सदस्य प्रस्तावना ऐकत नाहीत, पद्धतीवर येतात. नमुना किती आणि तेवढाच का, साधन कोणतं, विश्लेषण कसं, याची उत्तरं तोंडपाठ हवीत. मागे सांगितलेला छत्तीस महिन्यांचा कागद इथे काढा. विद्यार्थी पूर्ण विचार करून आलाय हे समितीला त्या एका कागदावरून कळतं.

मधली वर्षं

कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं, त्यात संशोधन नीतीचा पेपर सक्तीचा, आणि ५५ टक्के लागतात. ते उरकून टाका, पण त्यात लिहायच्या टिपणांचा विषय स्वतःचाच निवडा, म्हणजे पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण अर्धं तयार होतं. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तिथे अडचण लपवू नका. यंत्र बंद होतं, रुग्ण कमी आले, हे अहवालात नोंदलेलं असलं की पुढे मुदतवाढ मागताना तेच कामी येतं.

संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या सॉफ्टवेअरमध्ये टाका, ते फुकट आहे. मराठीत लिहिणाऱ्यांनी युनिकोडमध्येच टाइप करावं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला प्रबंध शोधातही सापडत नाही आणि तपासणीच्या सॉफ्टवेअरलाही वाचता येत नाही, आणि शेवटच्या महिन्यात तो बदलून घेताना जोडाक्षरं तुटतात. डेटाच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. इंजिनिअरिंगमध्ये काही नवं हाती लागलं तर पेपर किंवा परिषदेआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करा. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, पण आधी जगजाहीर केलं तर नावीन्यच जातं.

राष्ट्रीय नियमांत पेपर छापण्याची सक्ती २०२२ पासून नाही, तरी तुमच्या विद्यापीठाची अट बघून घ्या. छापायचं तर पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांकडे जाऊ नका. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी आता बंद झाली आहे, त्यामुळे संपादक मंडळातल्या दोन लोकांच्या विद्यापीठाच्या पानावर त्या नियतकालिकाचा उल्लेख आहे का, एवढं तरी तपासाच.

सादर करताना

कमाल मुदत ६ वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी २, आणि महिला व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर २. महिलांना या काळात २४० दिवसांपर्यंत बाळंतपण आणि बालसंगोपन रजा मिळते, ती हक्काने घ्या.

प्रबंधातल्या मजकुराचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० ला एक वर्ष सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. अवतरणं आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत. शब्द इकडचे तिकडे करून टक्के उतरवून देणारी दुकानं शहरात आहेत, त्यांच्या पायऱ्या चढू नका. मूळ लेख बंद करून, समजलं ते आपल्या भाषेत लिहिलं की टक्के आपोआप खाली येतात.

प्रबंध गाइडखेरीज किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. वायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, खुली असते, तेव्हा आधी दुसऱ्याच्या दोन-तीन ऐकून या. प्रश्न बहुधा मर्यादांवर येतात. 'याची मर्यादा अशी, आणि म्हणून मी निष्कर्ष इथपर्यंतच ओढला' असं शांतपणे म्हणता आलं पाहिजे. दुरुस्त्या झाल्या की सॉफ्ट कॉपी शोधगंगासाठी जमा करा, तात्पुरतं प्रमाणपत्र मागून घ्या, आणि त्यावरचं नाव पदव्युत्तरच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते खिडकीवरून हलण्याआधी तपासा.